इन्सुलिनचा नकाशा: डोरोथी हॉजकिन आणि ३४ वर्षांचं कोडं

अल्फाफोल्ड हे नाव तुम्ही एआयच्या बातम्यांत वाचलं असेल. प्रोटीनचा आकार ओळखणारं हे मॉडेल बनवणाऱ्या दोघांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मॉडेलपेक्षा त्याचा ट्रेनिंग डेटा कुठून आला याचंच मला जास्त कुतूहल. हा डेटा म्हणजे माणसांनी एकेक करून सोडवलेले प्रोटीनचे आकार. १९७१ मध्ये ते साठवणारी प्रोटीन डेटा बँक सुरू झाली, तेव्हा तिच्यात जेमतेम ७ आकार होते. एकेका आकारामागे किती वर्षं जायची, हे डोरोथी हॉजकिन यांच्या आयुष्यातून कळतं.

डोरोथी यांचा जन्म १९१० चा, कैरोमधला. वडील तिथे ब्रिटिशांच्या शिक्षण खात्यात. दहाव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका छोट्या शाळेत त्यांनी तुरटी आणि मोरचुदाचे स्फटिक वाढवले आणि त्याचंच वेड लागलं. आमच्या नायगावजवळ मिठागरं आहेत. खारं पाणी उन्हात आटत जातं आणि मिठाचे दाणे धरतात. तत्त्व तेच. स्फटिकात रेणू शिस्तीत, ओळीने बसतात. त्यावर एक्स-रे सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून आतल्या अणूंची जागा काढायची.

मिठासाठी हे सोपं आहे, प्रोटीनसाठी महाकठीण. १९३४ मध्ये केंब्रिजला जे. डी. बर्नाल आणि डोरोथी यांना पेप्सिन या प्रोटीनचे पहिले स्पष्ट ठिपके मिळाले. युक्ती साधी होती: स्फटिक वाळू द्यायचा नाही, त्याच्याच द्रावात ओला ठेवायचा. प्रोटीनच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणीच असतं. ते गेलं की आतली रचना ढासळते. ही पाण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी, २४ व्या वर्षी, त्यांना संधिवाताचं निदान झालं. हाताची बोटं हळूहळू वाकडी होत गेली. पुढे एक्स-रे यंत्राचं बटण दाबता येईना, तर त्यांनी त्याला लांब दांडा बसवून घेतला आणि काम चालू ठेवलं.

ऑक्सफर्डला परतल्यावर रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांना इन्सुलिनचा चिमूटभर नमुना दिला. १९३५ मध्ये त्याचे ठिपके फिल्मवर आले. पण ठिपके मिळाले म्हणजे आकार मिळाला असं नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. ठिपका किती गडद आहे यावरून लाटेची उंची कळते. लाट कुठे चढतेय, कुठे उतरतेय, म्हणजे तिचा ‘फेज’, हे फिल्मवर उमटतच नाही. फाईलमधला अर्धा डेटा उडालाय आणि बॅकअपही नाही, असंच समजा.

लहान रेणूंसाठी एक वाट होती. हलक्या अणूच्या जागी जड अणू बसवायचा आणि दोन्ही फोटो ताडून पाहायचे. एक्स-रे विखुरतात ते इलेक्ट्रॉनमुळे. कार्बनमध्ये ६ इलेक्ट्रॉन, पाऱ्यात ८०. एवढा फरक ठिपक्यांत दिसतोच. पेनिसिलिनसाठी डोरोथी यांनी पोटॅशियमचा क्षार आणि रुबिडियमचा क्षार असे दोन स्फटिक ताडले. गणितं पंचकार्डच्या यंत्रांवर केली. १९४५ मध्ये उत्तर आलं: रेणूच्या गाभ्यात चार अणूंचं ताणलेलं कडं आहे. रॉबिन्सन यांचं मत वेगळं होतं. इन्सुलिन ज्यांनी दिलं, त्यांचंच म्हणणं चुकीचं ठरलं. त्यानंतर बी-१२ जीवनसत्त्व सोडवलं, आणि १९६४ चं नोबेल त्यांना एकटीला मिळालं. एका ब्रिटिश वर्तमानपत्राने मथळ्यात त्यांची ओळख गृहिणी अशी करून दिली. असो.

इन्सुलिन मात्र तसंच पडून होतं. १९५३ च्या सुमारास केंब्रिजला मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनला पारा चिकटवून दाखवला आणि प्रोटीनमध्येही ही युक्ती चालते हे सिद्ध झालं. आता ते पाणी आठवा. रेणूंच्या मधल्या पाणथळ वाटांतून जड धातूचे क्षार आत शिरू शकतात. म्हणून स्फटिक त्या द्रावात भिजत ठेवायचा. ऐकायला सोपं, पण साबुदाण्यासारखं आहे हे: द्राव कमी पडला तर काहीच चिकटत नाही, जास्त झाला तर स्फटिक तडकतो. शिवाय धातू प्रत्येक रेणूवर त्याच जागी बसायला हवा आणि मूळ रचना हलता कामा नये. एका धातूने भागतही नाही. फेजची दोन उत्तरं निघतात, खरं कुठलं ते ठरवायला दुसरा धातू लागतो. डोरोथी यांच्या गटाने इन्सुलिनमधलं जस्त काढून शिसं घालून पाहिलं, युरेनियम आणि पाऱ्याची संयुगं वापरली. अनेक प्रयोग फुकट गेले.

१९६९ मध्ये नकाशा हाती आला. पहिल्या फोटोला ३४ वर्षं झाली होती. जस्ताच्या दोन अणूंभोवती इन्सुलिनचे सहा रेणू गोळा झालेले दिसले. शरीर इन्सुलिन साठवतं ते याच रूपात. रक्तात गेल्यावर हा गट सुटतो. पुढे औषध बनवणाऱ्यांनी नेमकं हेच हेरलं. १९९६ मध्ये आलेल्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये शेजारच्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केली आहे, त्यामुळे गट पटकन फुटतो. जेवायच्या जरा आधी पेनने इन्सुलिन घेणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यामागे हा नकाशा आहे.

त्या १९६९ च्या शोधनिबंधावर एक भारतीय नाव आहे, एम. विजयन. ते परत येऊन बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले आणि तिथे प्रोटीन स्फटिकांचं काम उभं केलं. त्यांच्या गटाने शेंगदाण्यातल्या लेक्टिन या प्रोटीनचा आकार १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. डोरोथी त्याच वर्षी जुलैमध्ये गेल्या.

त्याच निबंधावरचे गाय आणि एलिनॉर डॉडसन नंतर यॉर्कला गेले. १९९९ मध्ये त्यांच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या गटाने मिळून आणखी एका प्रोटीनचा आकार छापला. ते प्रोटीन पेनिसिलिनचा रेणू तोडतं, पण चार अणूंच्या त्या कड्याला हात लावत नाही.