त्रिपुरीची मतमोजणी

लोकशाहीत प्रत्येक मत सारखेच मोजले जाते. पण ते सारखेच तोलले जाते काय? काँग्रेसने या प्रश्नाला १९३९ साली जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे जे उत्तर दिले, त्याची किंमत सुभाषचंद्र बोस यांना मोजावी लागली. आदल्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने एका मराठी नेत्याला जवळपास तेच उत्तर दिले होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

२३ जानेवारी १८९७ रोजी कटक येथे जन्मलेल्या सुभाषबाबूंनी १९२० मध्ये आयसीएस परीक्षेत चौथा क्रमांक मिळवला आणि पुढच्याच वर्षी सरकारी नोकरीवर पाणी सोडले. जबलपूरशी त्यांचा संबंध आला तो कैदी म्हणून. जानेवारी १९३२ मध्ये कल्याण येथे अटक झाल्यावर त्यांना प्रथम सिवनीच्या आणि नंतर जबलपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पुढे उपचारांसाठी ते युरोपात गेले. तेथे लिहिलेला आणि १९३५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला ‘द इंडियन स्ट्रगल’ हा ग्रंथ मुळातून पाहण्यासारखा आहे. स्वतंत्र भारताला निदान काही काळ संसदीय लोकशाहीपेक्षा शिस्तबद्ध पक्षाची बलशाली राजवट लागेल, असे प्रतिपादन त्यात आहे. बहुमताचा हा भाबडा उपासक नव्हे.

१९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच जुलैमध्ये मध्य प्रांताचे पंतप्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांनी राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनवले. रविशंकर शुक्ल आणि जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र यांच्यासह महाकोशलचे तीन मंत्री त्यातून वगळले गेले. खरे हे विधिमंडळ पक्षाने निवडलेले नेते होते. त्यांची घाई अनाठायी होती, यात शंका नाही. तरीही आमदारांच्या मताला वजन किती आणि श्रेष्ठींच्या संमतीला किती, हा प्रश्न उरतोच. वर्ध्याच्या बैठकीत कार्यकारिणीने तो सोडवला आणि खरे यांना जबाबदारीच्या पदांस अपात्र ठरवले.

२९ जानेवारी १९३९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुभाषबाबूंना १५८० मते पडली. पट्टाभी सीतारामय्या सुमारे दोनशे मतांनी हरले. हा पराभव आपला असल्याचे गांधीजींनी जाहीर केले. पाठोपाठ पटेल, राजेंद्रप्रसाद, शंकरराव देव आदी सदस्यांनी कार्यकारिणी सोडली.

मार्चमध्ये त्रिपुरीचे ५२ वे अधिवेशन भरले तेव्हा गांधीजी राजकोटला होते. अध्यक्ष तापाने फणफणले होते. ५२ हत्तींच्या मिरवणुकीत रथावर त्यांचे छायाचित्र ठेवावे लागले. भाषणही बंधू शरदचंद्र यांनी वाचले. गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावाने जुन्या कार्यकारिणीवर विश्वास व्यक्त केला आणि नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्यास अध्यक्षांना सांगितले. काँग्रेसच्या घटनेनुसार ही नेमणूक अध्यक्षांच्या अखत्यारीतील होती, तर गांधीजी १९३४ पासून काँग्रेसचे चार आण्यांचे सभासदही नव्हते. खुल्या अधिवेशनात समाजवादी तटस्थ राहिले. ठराव मंजूर झाला.

याला हुकूमशाही म्हणून मोकळे होता येत नाही. ठराव संमत करणारे प्रतिनिधी तेच होते, ज्यांनी दीड महिन्यापूर्वी सुभाषबाबूंना निवडून दिले होते. अध्यक्ष त्यांना हवा होता, पण गांधीजींच्या विरोधात नको होता. आपल्या मताचे वजन त्यांनी मतदानानेच दुसऱ्याच्या पारड्यात टाकले. ज्याच्याविना चळवळ उभी राहत नाही, त्याच्या मताला मान देणे हा व्यवहार होता. मग निवडणुकीचा सोपस्कार तरी कशाला, हा सवालही तितकाच रास्त होता. चूक कोठे झाली असेल तर ती या वजनाचा पत्ता घटनेत कोठेच नसण्यात. अधिकार एकाकडे, उत्तरदायित्व दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था होती.

गांधीजींशी पत्रव्यवहार करूनही कार्यकारिणीचा तिढा सुटला नाही. २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला आणि मेच्या प्रारंभी फॉरवर्ड ब्लॉक स्थापन केला. अखिल भारतीय समितीच्या ठरावांविरुद्ध ९ जुलैला निषेध दिन पाळल्याबद्दल ऑगस्टमध्ये कार्यकारिणीने त्यांना तीन वर्षे काँग्रेसच्या निवडणुकीच्या पदांस अपात्र ठरवले. खरे प्रकरणाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरला त्यांनी आझाद हिंद सरकार घोषित केले. युद्धकाळातील त्या सरकारात मतपेटीचा प्रश्नच नव्हता. १८ ऑगस्ट १९४५ च्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला, असे भारत सरकार मानते. जबलपूरच्या मध्यवर्ती कारागृहाला आता त्यांचे नाव आहे.