देणगी मागणारा न्यूरोसर्जन : डॉ. वाइल्डर पेनफिल्ड

कुणाला फिट आली की आपल्याकडे अजूनही माणसं कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावतात. फेफरं, आकडी, मिरगी, अपस्मार... नावं भरपूर, माहिती मात्र कमी. बाईकवरून पडून डोक्याला मार लागलेला मित्र टाके काढून रूमवर परत आला, की आपल्या लेखी विषय संपतो. पण मेंदूचं तसं नसतं. कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी त्या जुन्या जखमेच्या जागेवरून फिट्स सुरू होऊ शकतात. याला म्हणतात पोस्ट-ट्रॉमॅटिक एपिलेप्सी. मित्रांनो, हा आजार समजून घेण्यासाठी ज्यांनी आयुष्य घालवलं आणि त्यासाठी श्रीमंतांच्या दारात झोळी घेऊन उभं राहायलाही जे लाजले नाहीत, त्या डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांची ही ओळख.

त्यांचा जन्म 26 जानेवारी 1891 चा, अमेरिकेतल्या स्पोकेन गावी. वडील डॉक्टर होते, पण प्रॅक्टिस बसली. मग आई मुलांना घेऊन आपल्या माहेरी, विस्कॉन्सिनमधल्या हडसनला आली. ऱ्होड्स शिष्यवृत्तीबद्दल वाचल्यावर आईनं ठरवूनच टाकलं, की ही आपल्या वाइल्डरला मिळालीच पाहिजे. त्यासाठी अभ्यासही हवा आणि खेळही. पोरानं दोन्ही केलं. प्रिन्स्टनला तो अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये होता. शिष्यवृत्ती मिळाली आणि स्वारी ऑक्सफर्डला पोहोचली. तिथं शेरिंग्टन यांच्यासारखा गुरू भेटला आणि मज्जासंस्थेचं वेड लागलं ते कायमचंच.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. मार्च 1916 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना त्यांच्या ससेक्स या जहाजावर जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो आदळला. पेनफिल्ड वाचले, पण पायाला जबर दुखापत झाली. बरं होण्यासाठी ते राहिले कुणाकडे, तर सर विल्यम ऑस्लर या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या डॉक्टरांच्या घरी!

1918 मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर होऊन पुढे ते न्यूयॉर्कला सर्जन झाले. त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे अंधारात चाचपडणं. पेनफिल्डना एक प्रश्न सारखा छळत होता. हातावरची जखम भरली की व्रण राहतो आणि आपण ती विसरतो. मग मेंदूतला व्रण वर्षानुवर्षं त्रास का देतो? सूक्ष्मदर्शकाखाली व्रणातल्या सगळ्या पेशी नीट दिसतच नव्हत्या. स्पेनमध्ये चांदीचे क्षार वापरून त्या रंगवण्याची नवी पद्धत निघाली होती. ती शिकायला हा सर्जन 1924 मध्ये थेट माद्रिदला गेला.

पुढचा मुक्काम 1928 मध्ये जर्मनीतलं ब्रेस्लाऊ. हेच आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. तिथं ओटफ्रिड फोर्स्टर महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. युद्ध संपून दहा वर्षं झाली तरी त्या सैनिकांच्या फिट्स चालूच होत्या. फोर्स्टर फक्त जागेपुरती भूल देऊन, रुग्ण पूर्ण जागा असताना, मेंदूला विजेचा सौम्य झटका देऊन दोषी जागा शोधत आणि तिथला व्रण कापून काढत. असे व्रण पेनफिल्डनी तपासले. व्रण आकसतो आणि भोवतालच्या मेंदूला आपल्याकडे ओढत राहतो, असं त्यांना दिसलं. या कामावर दोघांचा संयुक्त निबंध 1930 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी, म्हणजे 1928 मध्ये, पेनफिल्ड कॅनडातल्या माँट्रियलला रुजू झाले आणि डिसेंबरमध्ये संकट घरातच आलं. बहीण रूथ हिला फिट्स येत होत्या आणि कारण निघालं मेंदूतली मोठी गाठ. शस्त्रक्रिया भावानंच केली. जेवढी काढता आली तेवढी गाठ काढली, पण पूर्ण निघाली नाही. रूथ घरी गेली, काही काळ बरी राहिली आणि 1931 मध्ये वारली. नुसतं हाताचं कौशल्य पुरत नाही, ज्ञानच कमी पडतंय, हे त्यांना यापेक्षा जवळून कळणं शक्य नव्हतं.

त्यांच्या डोक्यात एक इमारत होती. एकाच छपराखाली वॉर्ड, ऑपरेशन थिएटर आणि प्रयोगशाळा. सर्जन, न्यूरॉलॉजिस्ट, संशोधक सगळे शेजारी शेजारी. पण पैसा? रॉकफेलर फाउंडेशनकडे केलेला पहिला प्रयत्न फसला. आपल्यासारख्यानं फाईल कपाटात टाकली असती. पेनफिल्डनी नाद सोडला नाही. दरम्यान फाउंडेशनच्या वैद्यकीय विभागाची सूत्रं अॅलन ग्रेग यांच्याकडे आली. हा माणूस योजनेइतकाच योजना मांडणाऱ्यालाही पारखायचा. 1932 मध्ये, जागतिक मंदी ऐन भरात असताना, फाउंडेशननं 12 लाखांहून अधिक डॉलर मंजूर केले!

यातली खरी गोम पुढे आहे. यातले 10 लाख डॉलर इमारतीसाठी नव्हतेच. तो संशोधनाचा कायम निधी होता. मुद्दल तसंच ठेवायचं आणि उत्पन्नावर काम चालवायचं. दरवर्षी नव्यानं हात पसरायला नको आणि यंदा काय निष्पन्न झालं म्हणून कुणी मानगुटीवर बसायला नको. इमारतीला लागणाऱ्या उरलेल्या पैशांत क्विबेक सरकार, माँट्रियल शहर आणि खासगी देणगीदारांनीही वाटा उचलला. सप्टेंबर 1934 मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली.

पुढचं काम जगाला माहीत आहे. जागा असलेल्या रुग्णाच्या मेंदूवर इलेक्ट्रोड टेकवायचा, रुग्णाला काय जाणवतं ते विचारायचं आणि त्या जागी आकडा लिहिलेली कागदाची चिमुकली चिठ्ठी ठेवायची. आपण सर्किटवर प्रोब ठेवून फॉल्ट शोधतो ना, अगदी तस्सं! फिट्सचं मूळ शोधता शोधता मेंदूचा नकाशाच तयार झाला. ओठ आणि हात भलेमोठे असलेलं ते विचित्र माणसाचं चित्र, होमन्क्युलस, 1937 चं. 1938 च्या सुमारास हर्बर्ट जॅस्पर ईईजी घेऊन आले आणि मेंदूतल्या विजेचा आलेख हाताशी आला. 1954 मध्ये दोघांचा एपिलेप्सीवरचा मोठा ग्रंथ निघाला. जगभरातून डॉक्टर इथं शिकायला येत. त्यांतले एक डॉ. जेकब चांडी. त्यांनी 1949 मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला.

पेनफिल्ड 1960 मध्ये निवृत्त झाले आणि लिहायला बसले. 1967 मध्ये त्यांनी अॅलन ग्रेग यांचं चरित्र प्रसिद्ध केलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो, देण्याची अवघड कला. घेणाऱ्यानं देणाऱ्याचं चरित्र लिहावं, असं किती वेळा घडतं? 5 एप्रिल 1976 रोजी माँट्रियलमध्ये त्यांचं निधन झालं.

प्रश्न मात्र सुटलेला नाही. व्हिएतनाम युद्धात कवटी भेदून मेंदूला जखम झालेल्या सैनिकांच्या अभ्यासात जवळजवळ निम्म्यांना पुढे एपिलेप्सी झाल्याचं 1985 मध्ये दिसलं. फेनिटॉइन हे औषध मार लागल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातल्या फिट्स कमी करतं, पण नंतरच्या रोखत नाही, हे 1990 मध्ये सिद्ध झालं. मार लागल्यावर घ्या आणि एपिलेप्सी होणारच नाही, असं औषध अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. 2015 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं खास या आजारासाठी संशोधन कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीची तरतूद वर्षाला 75 लाख डॉलर. पण मार लागणं आणि पहिली फिट येणं यांत वर्षं जातात, म्हणून रुग्णांवर तेवढी वर्षं लक्ष ठेवावं लागतं. दोन सेमिस्टरच्या प्रोजेक्टसारखं हे काम उरकत नाही. पेनफिल्डनी कायम निधीचा हट्ट धरला तो का, हे इथं कळतं.

तोपर्यंत आपल्या हातात दोनच गोष्टी. गेटपर्यंत जायचं असलं तरी हेल्मेट घालायचं. आणि कुणाला फिट आलीच तर कांदा-चप्पल बाजूला ठेवून त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, तर सरळ अॅम्ब्युलन्स!