पहिल्या दिवशीची बाहुली

आपल्या मंडळाच्या बालवाडीत जूनमध्ये नवी मुले येतात, तो दिवस मला अजूनही परीक्षेसारखा वाटतो. मी प्रथम शिकवायला उभी राहिले तेव्हा मुलांवर छाप पडावी म्हणून इस्त्रीची साडी नेसून गेले होते. गोष्टही पाठ केली होती. एका मुलीने मला पाहताच आईचा पदर जो धरला, तो आठ दिवस सोडला नाही. माझ्या मनाला ते फार लागले. काम सोडावे असेही वाटू लागले. त्याच सुमारास हेलन केलरच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांची हकीकत वाचनात आली. हेलनला सारे ओळखतात, बाईंची आठवण मात्र क्वचितच निघते.

ॲनचा जन्म १८६६ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, आयर्लंडहून आलेल्या गरीब घरात झाला. पाचव्या वर्षाच्या सुमारास खुपऱ्यांनी तिची दृष्टी अधू झाली. आई वारली, बापाने जबाबदारी टाकली. १८७६ मध्ये ती व धाकटा भाऊ सरकारी अनाथालयात आली. काही महिन्यांतच भाऊ तेथेच दगावला. चौदाव्या वर्षी ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली, तेव्हा तिला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. सहा वर्षांनी तीच मुलगी वर्गात पहिली आली.

३ मार्च १८८७ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, सलिव्हनबाई अलाबामातील टस्कंबिया गावी केलरांच्या घरी उतरल्या. पावणेसात वर्षांची हेलन तान्हेपणीच्या आजाराने आंधळी व बहिरी झालेली. ती बाईंच्या अंगावर अशी धावून आली की मागे तिचे वडील नसते तर बाई पडल्याच असत्या. हेलनने बाईंचा चेहरा चाचपला, कपडे चाचपले आणि लगेच त्यांच्या पिशवीला हात घातला. खाऊ हवा होता! आई पिशवी ओढू लागली तशी पोर चिडली. बाईंनी आपले घड्याळ तिच्या हाती दिले, तेव्हा कुठे ती निवळली.

बाईंनी एक बाहुली आणली होती. अंधशाळेतील मुलींनी ती भेट दिली होती. बाहुली देऊन त्यांनी हेलनच्या तळहातावर बोटांनी त्या शब्दाची अक्षरे काढली. मग पुन्हा अक्षरे काढून घ्यावीत म्हणून बाहुली जरा काढून घेतली, आणि सारे बिनसले. दिलेली वस्तू परत नेतात असे त्या पोरीला वाटले. किती साधी चूक, आणि आपणही ती रोज करतो! पुढल्या दिवसांत हेलनने बाईंचा एक दात पाडला, त्यांना खोलीत कोंडून किल्ली लपविली. वडिलांना शिडी लावून त्यांना खिडकीतून उतरवावे लागले.

प्रथम सावकाश माया लावायची असे बाईंच्या मनात होते. पण घरात पोरीचा प्रत्येक हट्ट पुरविला जाई. म्हणून बाई तिला घेऊन बागेतल्या लहान घरात दोन आठवडे वेगळ्या राहिल्या. आधी ऐकायला शिकणे, मग माया, असे त्यांनी ठरविले. मला हे पुरते पटत नाही. पहिल्या रात्री तिला झोपविण्यासाठी जवळजवळ दोन तास झटापट चालली होती. पण त्या पळून गेल्या नाहीत, हेही खरे. हळूहळू पोर मणी ओवू लागली, मांडीवर बसू लागली. ५ एप्रिलला पंपाखाली एका हातावर पाणी पडत असता दुसऱ्या हातावर बाईंनी पाण्याची अक्षरे काढली, आणि वस्तूंना नावे असतात हे तिला उमगले.

पुढे हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली, तेव्हा वर्गातली व्याख्याने बाई तिच्या तळहातावर उतरवीत. १९०४ मध्ये ती पदवीधर झाली. अधू डोळ्यांनी बाईंनी तिच्यासाठी केवढे वाचन केले! शेवटी त्यांची दृष्टी जवळजवळ गेलीच. १९३६ च्या ऑक्टोबरात त्या वारल्या.

पदर धरून बसणाऱ्या त्या मुलीला मी नवव्या दिवशी गोष्ट सांगितली नाही. माझ्या पर्शीतला किल्ल्यांचा जुडगा तिच्या हाती दिला आणि शाळा सुटेपर्यंत परत मागितला नाही.

हेलन ३ मार्च हा आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस मानी. त्या दिवशी मात्र तिचे सारे लक्ष पिशवीतल्या खाऊकडे होते.