चंद्रावरची घरं आणि फॉन ब्राऊन

माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचा शिल्पकार म्हणून वर्नर फॉन ब्राऊन आपल्याला ठाऊक आहे. पण चंद्रावर माणसांनी राहायचं कुठे, याचेही आराखडे त्याने केले होते. मला तर त्याच्या रॉकेटपेक्षा ही न झालेली घरंच जास्त भावली.

फॉन ब्राऊनचा जन्म २३ मार्च १९१२ चा. दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मन सैन्यासाठी व्ही-२ रॉकेट बनवलं, १९४५ मध्ये तो अमेरिकनांना शरण गेला आणि पुढे तिथलाच झाला.

१९५२ मध्ये 'कॉलियर्स' साप्ताहिकात त्याची पहिली योजना आली. ५० माणसं, मुक्काम ६ आठवडे. मालवाहू यानाचा पिंपासारखा भाग उभा चिरायचा, की अर्धगोल छपराच्या दोन खोल्या तयार! उल्का आणि किरणांपासून बचाव म्हणून त्या खोल घळीत ठेवायच्या.

१९५९ मध्ये हंट्सव्हिलच्या त्याच्या चमूने अमेरिकी लष्करासाठी 'प्रोजेक्ट होरायझन' मांडला. १० फूट व्यासाच्या, २० फूट लांबीच्या धातूच्या टाक्या जमिनीत पुरायच्या, वीज अणुभट्टीची, आणि १९६६ च्या अखेरीस १२ जण राहायला. होस्टेलची रूम आठवली ना? त्यासाठी सुमारे १५० रॉकेट उडवावी लागणार होती.

पुरायच्या कशाला? आपल्या गोंदियाच्या मे महिन्यात स्लॅबचं घर तापतं, पण जाड मातीच्या भिंतीचं थंड राहतं. तसंच हे. २०२३ मध्ये चांद्रयान-३ ने मोजलं, तेव्हा फक्त ८ सेंटीमीटर खाली तापमान ५० अंशांहून जास्त उतरलेलं होतं!

पण १९६० मध्ये हा चमू नासाकडे गेला. १९६१ मध्ये केनेडींनी दशक संपायच्या आत माणूस उतरवून परत आणायचं ठरवलं. घाई झाली आणि घर मागे पडलं. १९७२ मध्ये अपोलो-१७ चे दोघं ७५ तास राहिले, तेही यानातच झोपून. १६ जून १९७७ ला फॉन ब्राऊन वारला.

एक गोष्ट मात्र खुपते. व्ही-२ रॉकेटं मिटेलवेर्कच्या डोंगरातल्या बोगद्यांत कैद्यांकडून बनवून घेतली जात. सुरुवातीचे कित्येक महिने कैदी त्याच बोगद्यांत झोपत. तिथल्या डोरा छावणीत आणि तिच्या शाखांत मिळून सुमारे २० हजार माणसं मेली. एसएसचा अधिकारी असलेला फॉन ब्राऊन तिथे जाऊन आला होता. जमिनीखाली १२ माणसांना हवा, पाणी, उजेड किती लागेल, याचा हिशेब त्याच्या चमूने १९५९ मध्ये नीट मांडला. बोगद्यातल्या हजारोंसाठी तो कुणीच मांडला नव्हता.

आता चंद्रावर तळ उभारायच्या योजना पुन्हा निघाल्या आहेत. उद्या आपल्यापैकी कुणी त्यात गेलं, तर भिंतीची जाडी काढताना ती भिंत कुणाच्या हातांनी उभी राहतेय, हेही विचारावं. एवढंच.