भाषांचे नम्र उपासक : आचार्य विनोबा भावे

वर्धा जिल्ह्याची भूमी अनेक थोर पुरुषांच्या वास्तव्याने पावन झालेली आहे. त्यांत आचार्य विनोबा भावे यांचे स्थान अत्यंत आदराचे आहे. भूदान चळवळीचे प्रणेते म्हणून त्यांना सारे जग ओळखते; परंतु त्यांनी आयुष्यभर केलेल्या भाषांच्या अभ्यासाची ओळख नव्या पिढीला तितकीशी नाही. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनी तर या पैलूचे आवर्जून मनन करावे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या लहानशा खेड्यात झाला. वडील नरहरराव बडोद्यास कापडाच्या रंगकामाच्या क्षेत्रात नोकरीस होते. ते नव्या विज्ञानाचे चाहते व शिस्तीचे भोक्ते होते. मातोश्री रुक्मिणीबाई श्रद्धाळू व भक्तिमार्गी होत्या. मुलाने शाळेत फ्रेंच भाषा घ्यावी, अशी वडिलांची इच्छा होती. तर ब्राह्मणाच्या मुलाला संस्कृत यावे, असे आईला वाटे. विनायकाने कोणाचेच मन मोडले नाही. शाळेत फ्रेंच घेतली आणि संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या कष्टाने सुरू केला. बडोद्याचे समृद्ध ग्रंथालय हे त्यांचे दुसरे घरच होते.

संस्कृत गीता आईला समजत नसे. तिने मराठीतून गीता मागितली, तेव्हा विनायकाने वामन पंडितांची समश्लोकी टीका आणून दिली; पण तीही तिला अवघड वाटली. मग तूच सोपी गीता का लिहीत नाहीस, असे त्या माउलीने सहज सुचविले. तो शब्द मुलाच्या अंतःकरणात खोलवर रुजला.

मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि काशीला गेले. तेथे संस्कृत ग्रंथांचे अध्ययन हे त्यांचे ध्येय होते. पोटापुरते मिळावे म्हणून ते एका खाजगी शाळेत अल्पशा वेतनावर इंग्रजी शिकवीत. 7 जून 1916 रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात महात्मा गांधींची भेट झाली आणि जीवनाची दिशा ठरली. पुढे आश्रमातून रजा घेऊन त्यांनी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्या चरणी बसून उपनिषदे व ब्रह्मसूत्रे अभ्यासली. रजेची मुदत संपताच ते आश्रमात परत हजर झाले.

8 एप्रिल 1921 रोजी विनोबा वर्ध्यास आले आणि हाच जिल्हा त्यांची कर्मभूमी ठरला. मातोश्री 1918 सालीच निवर्तल्या होत्या. आईची इच्छा मात्र पुत्राच्या मनावर ऋणासारखी राहिली होती. अखेर 7 ऑक्टोबर 1930 रोजी त्यांनी गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद आरंभिला व 6 फेब्रुवारी 1931 रोजी तो पूर्ण केला. हीच ‘गीताई’. छापण्यापूर्वी त्यांनी ती आश्रमातील मुलींना शिकवून पाहिली आणि जेथे त्या अडखळल्या तेथे शब्द बदलले. एवढा मोठा पंडित, परंतु आपल्या भाषेची परीक्षा त्याने लहान मुलींकडून करून घेतली! ज्या आईसाठी हे सारे केले, तिच्या हाती मात्र ते पुस्तक कधीच पडले नाही. घरोघरच्या असंख्य मातांच्या हाती ते पडले, यातच त्या ऋणाची फेड झाली.

1942 च्या आंदोलनात विनोबांना वेल्लोरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदमच आरंभिला. एकेक करून का शिकत नाही, असा प्रश्न पाहणाऱ्यांना पडे. परंतु चारही भाषा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतील साम्य व भेद आपोआप उलगडतात आणि एकीचे व्याकरण दुसरीच्या मदतीस येते, असा त्यांचा अनुभव होता. त्या त्या भाषेतील संतांची वाणी हेच त्यांचे पाठ्यपुस्तक असे. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून त्यांनी अरबी भाषाही कष्टाने शिकून घेतली.

22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमची योजना आखणाऱ्या झाकीर हुसेन समितीत विनोबाही होते. शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे, हे त्यांचे ठाम मत होते. तथापि इंग्रजीचा द्वेष त्यांनी कधी केला नाही. इंग्रजी ही जगाकडे पाहण्याची एक खिडकी आहे. पण घराला एकच खिडकी असेल तर एकाच बाजूचे दिसेल, म्हणून इतर परकीय भाषाही शिकणारे लोक देशात हवेत, असे ते सांगत. आज इंग्रजीच्या शिकवणीसाठी मुलांची धावपळ चालू असताना मराठीचा पाया कच्चा राहतो आहे काय, याचा पालकांनी विचार करावयास हवा.

जैन समाजावर तर विनोबांचे विशेष ऋण आहे. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व संप्रदायांना मान्य असा एक सारग्रंथ व्हावा, ही प्रेरणा त्यांचीच. जिनेंद्र वर्णीजींनी परिश्रमपूर्वक संकलन केले. 29 व 30 नोव्हेंबर 1974 रोजी दिल्लीत संगीती भरली. दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी व तेरापंथी या चारही संप्रदायांच्या मुनिवरांच्या संमतीने 756 गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले आणि 1975 च्या महावीर जयंतीस प्रकाशित झाले. प्राकृत गाथा, संस्कृत छाया व हिंदी अनुवाद एकत्र असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकालाही तो ग्रंथ उपयोगी आहे. शतकानुशतके वेगळ्या बसलेल्या बांधवांना एका ग्रंथाभोवती एकत्र बसविण्याचे श्रेय एका अजैन संताकडे जाते, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

जीवनाच्या अंतिम पर्वात विनोबांनी धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात अन्न व औषध यांचा त्याग केला आणि 15 नोव्हेंबर 1982 रोजी शांतपणे देह ठेवला. तो दिवस दीपावलीचा, म्हणजेच भगवान महावीरांच्या निर्वाणाचा होता. 1983 साली त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ प्रदान करण्यात आले.

पवनार बोरगाव मेघेपासून दूर नाही. येथील प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी तेथे जावे. परीक्षेतील गुणांसाठी शिकलेले व्याकरण निकालानंतर विसरले जाते. दुसऱ्याचे मन समजून घेण्यासाठी शिकलेली भाषा जन्मभर साथ देते. विनोबांच्या चरित्राचा हाच बोध आहे. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!