पंडिता रमाबाई : एक एकाकी वाटचाल

पौडहून पुण्याला जाणारा आपला रस्ता पौड फाट्याशी कर्वे रस्त्याला मिळतो. महर्षी कर्व्यांचे नाव आपणा सर्वांना परिचित आहे. परंतु त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, ज्या शाळेच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या, त्या शाळेच्या संस्थापिकेची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. ती शाळा म्हणजे शारदा सदन आणि ती संस्थापिका म्हणजे पंडिता रमाबाई. या एका स्त्रीला समाजाने आधी डोक्यावर घेतले आणि मग दूर लोटले. असे का घडले, याचा विचार करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविण्याचा अपराध केला होता! त्याबद्दल पंडितांच्या सभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली, आणि लोकनिंदेला कंटाळून ते रानात जाऊन राहिले. पटलेले सत्य आचरायचे आणि त्याची किंमत मोजायची, हा वारसा रमाबाईंना असा घरातूनच मिळाला. पुढे कुटुंब निर्धन झाले. तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत ते गावोगाव भटकू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील पाठोपाठ गेले. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे पुरेनात, तेव्हा कोवळ्या वयातील रमाबाईंनीच एक बाजू उचलली. उंची कमी पडत असल्याने त्यांना ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले.

भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. साऱ्या देशात तिचे कौतुक झाले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय असल्याने पुन्हा टीका झाली. दोन वर्षांच्या आतच पतीचे निधन झाले. मांडीवर मनोरमा ही तान्ही मुलगी आणि वय अवघे तेवीस!

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज त्यांनी निर्भीडपणे मांडली. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनींकडून पतित स्त्रियांची होणारी सेवा त्यांनी पाहिली. ज्यांना समाज दारात उभे करीत नाही, त्यांना जवळ घेणारा हा धर्म त्यांच्या मनाला भिडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी येताच महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. कालपर्यंत जी सरस्वती होती, ती आज धर्मद्रोही ठरली. या गदारोळात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, ही गोष्ट विसरता येणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धर्मांतरानंतर रमाबाईंना एका घराचे दार बंद झाले, म्हणून दुसऱ्या घरात त्या सुखाने नांदल्या असे झाले नाही. ख्रिस्ती धर्मगुरूंचे प्रत्येक म्हणणे मान तुकवून स्वीकारणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. पंथापंथांतील भांडणे त्यांना पटत नव्हती. काही सिद्धांतांविषयी त्यांनी उघड शंका घेतल्या, त्यामुळे ज्या भगिनींनी त्यांना धर्मात आणले त्याच त्यांना गर्विष्ठ समजू लागल्या. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, साधी देशी राहणी सोडली नाही, आणि सदसद्विवेकबुद्धीही कोणाच्या स्वाधीन केली नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे व्याख्याने देऊन आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहून त्यांनी मदत जमविली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. शाळेत धर्माच्या बाबतीत सक्ती नसेल, असे आश्वासन होते. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळात होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन जाऊन बसू लागल्या. एवढ्यावरून वादळ उठले. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

या वादात पालकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण पुढे काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण दार लावून घेऊन श्रद्धा लपविणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले. मुलांना आश्रय द्यायचा तर आईने आपला देव लपवायचा का, हा त्यांचा पेच होता. तो आजही सोपा नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये हिंदू विधवांसाठी आश्रम काढला, त्यामागे या वादातून निर्माण झालेली गरजही होती. म्हणजे रमाबाईंचा पराभवही व्यर्थ गेला नाही.

मित्र गेले, लौकिक गेला. काम मात्र थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहिले. ख्रिस्ती म्हणून त्यांनी ख्रिस्ती राज्यकर्त्यांची भीड बाळगली नाही. सरकारने तक्रार नाकारली. अशा रीतीने सनातनी, सुधारक, मिशनरी आणि सरकार या सर्वांची नाराजी त्यांनी ओढवून घेतली.

दौंड तालुक्यातील केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. तेथे शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंधांसाठी शाळा, आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन अशी अनेक कामे चालत. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ज्यांना कोणी हात लावीत नव्हते, त्या स्त्रिया तेथे खिळे जुळवून पुस्तके छापू लागल्या.

आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी एका प्रचंड कामात घालविली. साध्या बायकांना कळावे म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. लेकीचे दुःख गिळून त्यांनी हे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. तो ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची मुक्ती आजही उभी आहे. त्यांचा धर्म आपणास मान्य असो वा नसो, एक गोष्ट मान्य करावीच लागेल. छळाला त्यांनी छळाने उत्तर दिले नाही. ज्या समाजाने त्यांना टाकले, त्याच समाजाने टाकलेल्या लेकींना त्यांनी पोटाशी धरले. आज पौडसारख्या गावातून मुली महाविद्यालयात येतात आणि वर्गात निर्धास्त प्रश्न विचारतात. त्यांच्या वाटेवरील काही काटे शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी या एकाकी स्त्रीच्या पायांत मोडले होते. पौड फाट्यावरून जाताना कर्व्यांबरोबर तिचीही आठवण ठेवू या.