कमलाबाई सोहोनी

लातूर-नांदेडकडच्या घरोघरी ताटात ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण असते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल फार थोडे; ते तुरीत विपुल असते. ही जोडी जमविणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्राची गंधवार्ताही नव्हती. डाळी, कडधान्ये, दूध यांसारख्या नित्याच्या अन्नात शरीराला पोसणारे नेमके काय असते, हे प्रयोगशाळेत बसून शोधण्यात ज्या विदुषीने आपले आयुष्य वेचले, त्या कमलाबाई सोहोनी होत.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि पुढे लेखिका म्हणून ख्यातनाम झालेल्या दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम यश मिळवून संपादन केल्यावर कमलाबाईंनी बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणाने त्यांनी अर्ज फेटाळला. इतक्या थोर शास्त्रज्ञाचीही ही चूकच होती, हे सांगण्यात संकोच कशाला? कमलाबाई स्वतः बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. अखेर एक वर्ष परीक्षेदाखल काम करावयाचे आणि इतरांच्या कामात आपल्यामुळे व्यत्यय येऊ द्यावयाचा नाही, अशा अटींवर प्रवेश मिळाला. अट अपमानास्पद होती. तरीही ती त्यांनी पत्करली. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेर त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले, आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

तेथून त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. हॉपकिन्स यांनी उंदरांवर केलेले प्रयोग जगप्रसिद्ध आहेत. मक्यातील झेन नावाचे प्रथिन देऊन उंदीर जगत नसत. त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळले, की ते अधिक दिवस तग धरीत. 1912 साली त्यांनी उंदरांच्या पिलांना शुद्ध प्रथिने, पिष्ट, साखर, चरबी आणि क्षार पोटभर दिले, तरी पिलांची वाढ खुंटली. रोज चमचाभराहूनही कमी दूध मिळालेली पिले मात्र वाढू लागली. पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे, हे त्या मुक्या जिवांनी दाखवून दिले. दुधातील त्या अल्प घटकांनाच आपण जीवनसत्त्वे म्हणतो. अशा ठिकाणी कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावर संशोधन केले आणि 1939 साली पीएच.डी. मिळविली. त्यांचा प्रबंध अवघ्या 40 पृष्ठांचा होता!

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले, तर कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. 1947 साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. तेथे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारखी कडधान्ये तपासली. कच्च्या वालात प्रथिने पुष्कळ. परंतु ती पचविणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडविणारे द्रव्यही त्यातच दडलेले असते. वाल नीट शिजविला, की त्या द्रव्याचा जोर मोडतो. वालाची उसळ चांगली शिजवून खाण्याची आपली रीत अगदी योग्यच म्हणावयाची.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. ताडमाडांचा हा रस ताजा असतानाच प्यावा लागतो. ऊन चढले, की तो आंबतो. त्यात जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अन्नातील भेसळ गृहिणींना घरच्या घरी कशी ओळखता येईल, हे त्या ग्राहकांच्या संस्थेमार्फत सांगत राहिल्या. 1998 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांच्या गौरवासाठी दिल्लीत समारंभ योजिला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांची प्राणज्योत मालवली.